प्रज्ञावंत मुलांसाठीच्या संघटनेत पहिली दोन वर्षं: नव्या स्वयंसेवकासाठी वाटाड्या

"मला या मुलांसाठी काहीतरी करायचंय," असं म्हणत माणसं संघटनेत येतात. पहिल्याच बैठकीत त्यांच्या वाट्याला येते ती सदस्यत्वाच्या अर्जात फोन नंबरचे रकाने एक ठेवायचे की दोन, यावरची पाऊण तासाची चर्चा. काही जण दुसऱ्या बैठकीला उगवतच नाहीत. मीही त्यांच्यातलीच व्हायची, पण बैठकीनंतर जिन्यात एक ज्येष्ठ सहकारी बाई भेटल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, मुलं शाळेत असतात. इथे आपण मोठ्या माणसांना कामाला लावतो."

हे आधीच कळलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. प्रज्ञावंत शिक्षणाची व्यावसायिक संघटना मुलांना शिकवत नाही. ती शिक्षकांना प्रशिक्षण देते, गोंधळलेल्या पालकांना माहिती पुरवते, संशोधकांचं काम वर्गापर्यंत पोचवते आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या दारात जाऊन बसते. हे सगळं होतं ते बैठका, याद्या, ईमेल आणि हिशेब यांच्या आधाराने. मुलांबरोबर थेट काम करायची ओढ असेल तर ते जरूर करा, पण त्यासाठी संघटनेत यायची गरज नाही. हे मागच्या बाजूचं काम करायची तयारी असेल तर पुढे वाचा.

पायरी १: कोणाच्या दारात उभे आहात ते बघा

नावात "प्रज्ञावंत" असलेल्या सगळ्या संस्था एका साच्यातल्या नसतात. अमेरिकेतली नॅशनल असोसिएशन फॉर गिफ्टेड चिल्ड्रन १९५४ साली अ‍ॅन इसाक्स यांनी सुरू केली. तिथे शिक्षक, पालक, संशोधक आणि शाळांचे प्रशासक असे सगळे एका मांडवात असतात. १९५८ची द असोसिएशन फॉर द गिफ्टेड ही विशेष शिक्षणाच्या एका मोठ्या परिषदेचा विभाग आहे, त्यामुळे तिथला सूर शिक्षकांचा आणि शिक्षक घडवणाऱ्यांचा. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात सुरू झालेली आणि आज पोटेन्शियल प्लस यूके या नावाने चालणारी संस्था मुख्यतः कुटुंबांना आधार देते. वर्ल्ड काउन्सिल फॉर गिफ्टेड अँड टॅलेंटेड चिल्ड्रन या जागतिक परिषदेचं मूळ १९७५ साली लंडनला भरलेल्या परिषदेत आहे, तर युरोपियन काउन्सिल फॉर हाय एबिलिटी १९८७ची. या दोन्हींकडे संशोधकांचा ओढा मोठा. सेंग ही संस्था जेम्स वेब या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली उभी केली. एका अतिशय हुशार तरुणाच्या मृत्यूनंतर त्याच्या आईवडिलांना जाणवलं की अशा कुटुंबांना भावनिक आधार द्यायला कोणीच नाही, आणि त्यातून ती जन्मली. तिथे आजही मन आणि नातेसंबंध हाच विषय असतो.

नवखी माणसं मेन्सालाही याच यादीत धरतात. १९४६ची मेन्सा ही उच्च बुद्ध्यंक असलेल्यांचा स्वतःचा मेळ आहे. शिक्षणाचा व्यवसाय करणाऱ्यांची संघटना वेगळी.

माझा सल्ला असा: सुरुवात राष्ट्रीय किंवा जागतिक पातळीवरून करू नका. प्रादेशिक किंवा राज्य पातळीवरच्या छोट्या संघटनेत जा. तिथे माणसं नेहमीच कमी असतात, दोन महिन्यांत तुमचं नाव सगळ्यांना कळतं आणि चूक झाली तरी ती निस्तरता येते. सदस्य होताना एक गोष्ट मात्र बघा. अनेक ठिकाणी सदस्यत्वाचे प्रकार असतात, आणि सगळ्यांनाच मत देता येतं किंवा निवडणुकीला उभं राहता येतं असं नाही. हे नियमावलीत दोन ओळींत लिहिलेलं असतं आणि माणसं ते तीन वर्षांनी वाचतात.

पायरी २: बोलण्याआधी दप्तर वाचा

नियमावली, मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं आणि शेवटचा ताळेबंद मागून घ्या. बहुतेक वेळा सचिव चकित होतात, कारण हे कोणी मागतच नाही.

इतिवृत्तांत निर्णय शोधण्यापेक्षा पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारे विषय शोधा. "सदस्य गळती" हा मुद्दा चार बैठकांत आला असेल आणि चारही वेळा "पुढील बैठकीत चर्चा" एवढंच लिहिलं असेल, तर संघटनेची खरी दुखरी जागा तुम्हाला सापडली. ताळेबंदात बघायचं ते उत्पन्न कुठून येतं हे. पुष्कळ संघटना वर्गणीवर जगतात असं वाटतं, प्रत्यक्षात त्या वार्षिक अधिवेशनाच्या नोंदणी शुल्कावर तगून असतात. एक अधिवेशन बुडालं की पुढचं वर्ष ओढाताणीचं. २०२० साली जगभर परिषदा रद्द झाल्या किंवा पडद्यावर गेल्या, तेव्हा ज्यांनी थोडी गंगाजळी बाजूला ठेवली होती त्यांनाच धीर धरता आला.

पायरी ३: विषयाची तोंडओळख

तज्ज्ञ व्हायची गरज नाही, पण बैठकीत लोक ज्या शब्दांवरून भांडतात ते शब्द कुठून आले एवढं माहीत हवं.

लुईस टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९२१ साली कॅलिफोर्नियात दीड हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास सुरू केला. निवडीचा मुख्य निकष बुद्ध्यंक. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं त्या चाळणीतून गळली, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कोणालाच मिळालं नाही. एवढ्यावरून चाचण्या फेकून द्याव्यात असं नाही, पण एका आकड्यावर मूल तोलणं धोक्याचं आहे हे सांगायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. लेटा हॉलिंगवर्थ यांनी त्याच काळात अतिउच्च बुद्ध्यंकाच्या मुलांच्या एकटेपणाकडे लक्ष वेधलं. जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली तीन वर्तुळांची मांडणी केली: सरासरीहून वरची क्षमता, कामात झोकून देणं आणि सर्जनशीलता. ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञावंत वर्तन दिसतं असं त्यांचं म्हणणं. फ्रांस्वा गान्ये यांनी उपजत देणगी आणि घडवलेलं कौशल्य यांत फरक केला. १९९१ साली कोलंबस गट या अभ्यासक-पालकांच्या गटाने प्रज्ञा म्हणजे असमान विकास अशी व्याख्या पुढे आणली. बुद्धी दहा वर्षांची, भावना सहाच्या आणि हात पाचाचे, अशी मुलं ज्यांनी घरी वाढवली आहेत त्यांना ती वाचून हायसं वाटतं.

आणखी एक संज्ञा सतत कानावर येईल: "दुहेरी विशेष" मुलं. एकीकडे असामान्य क्षमता आणि दुसरीकडे वाचनदोष, स्वमग्नता किंवा लक्ष टिकवण्यातली अडचण. ही मुलं दोन्ही याद्यांतून निसटतात, कारण एक गोष्ट दुसरीला झाकते.

अमेरिकेत १९७२ साली शिक्षण आयुक्त सिडनी मारलँड यांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेल्या अहवालात प्रज्ञेची सहा क्षेत्रं मांडली होती, आणि त्यांत नेतृत्वक्षमता हे स्वतंत्र क्षेत्र होतं. आमच्या कार्यकारिणीकडे बघून मला कधीकधी त्याचं हसू येतं. मुलांमधलं नेतृत्व हेरण्यात आम्ही हयात घालवली, पण स्वतःची बैठक वेळेवर संपवणं आम्हाला जमत नाही.

व्याख्यांच्या भांडणात उतरू नका. फक्त विचारा: "आपल्या संघटनेने कोणती व्याख्या स्वीकारली आहे?" पुष्कळदा शांतता पसरते, आणि ती शांतताच पुढचं काम दाखवते.

पायरी ४: पहिलं काम छोटं घ्या, पण पूर्ण करा

"काहीही सांगा, करीन" असं कधीही म्हणू नका. असं म्हणणाऱ्याला एक तर काहीच मिळत नाही किंवा सगळंच मिळतं. त्याऐवजी शेवट ठरलेलं एक काम मागा. आणि हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा: साधारण किती तास लागतील, कधीपर्यंत हवंय आणि झालं की कोणाला कळवायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता येत नसेल, तर ते काम कोणाला नकोच आहे असं समजा.

अधिवेशनातलं नोंदणीचं टेबल हे मला पहिल्या कामासाठी सर्वांत आवडतं. ते कारकुनी दिसतं, पण दोन दिवसांत संघटनेतला प्रत्येक चेहरा तुमच्यासमोरून जातो. कोण पहिल्यांदा आलंय, कोण कोणाला टाळतंय, कोणत्या सत्राची खोली आधी विचारली जाते, हे सगळं तिथे कळतं. मी पहिल्या वर्षी टेबलावर बसून एक वही ठेवली होती. लोक गळ्यातलं ओळखपत्र घेता घेता काय विचारतात ते लिहीत गेले. "माझा मुलगा दुसरीत आहे आणि वर्गात कंटाळतो, कुठल्या सत्राला बसू?" हा प्रश्न दुपारपर्यंत अकरा जणांनी विचारला होता. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत पालकांसाठी वेगळी खूण आली, ती त्या वहीतून.

दुसरं चांगलं काम म्हणजे सत्रांसाठी आलेल्या प्रस्तावांचं परीक्षण. सारांश वाचायचे, ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे, दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा. इथे नवखे दोन चुका करतात. एक तर सगळ्यांना भरघोस गुण देतात, म्हणजे त्यांच्या गुणांचा निवडीला उपयोगच होत नाही. नाहीतर लेखकाच्या मताशी वाद घालत बसतात. तुम्हाला ते मत पटतं का, हे कोणी विचारलेलं नसतं. श्रोत्याला या तासाभरातून काय मिळेल, आणि दावा केलाय त्याला काही आधार आहे का, एवढंच बघायचं असतं. नाव झाकलेलं असूनही प्रस्ताव कोणाचा ते ओळखता आलं, तर समन्वयकाला कळवून तो परत करा. अभिप्राय लिहिताना समोर पहिल्यांदाच प्रस्ताव पाठवणारा एखादा वर्गशिक्षक आहे असं धरा. "अस्पष्ट" असं लिहून त्याला काहीही कळत नाही. "कोणत्या वयोगटासाठी आहे ते सांगा" असं लिहिलं तर तो पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतो.

वार्तापत्राची मुद्रितं तपासणं, सत्राचं सूत्रसंचालन, शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी ही कामंही उत्तम. सूत्रसंचालनाला "५ मिनिटं" लिहिलेला एक कागद आणि तो वक्त्याच्या नजरेसमोर धरायची हिंमत एवढं पुरतं.

आणि एखादं काम जमणार नाही असं दिसलं तर मुदतीच्या आधी सांगा. स्वयंसेवी कामात नकाराने कोणी रागावत नाही. मुदत टळल्यावर येणाऱ्या मौनाने मात्र माणसं कायमची तुटतात.

पायरी ५: बैठक

गणपूर्ती झाली का, प्रस्ताव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, मतदान कसं झालं: ही चौकट नव्या माणसाला उगाच कर्मकांड वाटते. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकी लष्करी अभियंत्याला एकदा एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद अचानक सांभाळावं लागलं, आणि सभा पार हाताबाहेर गेली. त्या नामुष्कीतून त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास केला आणि १८७६ साली नियमांचं पुस्तक काढलं. आजही असंख्य संघटना त्याच नियमांनी चालतात. ते मुखोद्गत असायची गरज नाही. पण चर्चा भरकटली की "आपल्यासमोर सध्या प्रस्ताव कोणता आहे?" एवढं विचारता आलं तर तुम्ही अर्ध्या कार्यकारिणीपेक्षा उपयोगी आहात.

आपल्या क्षेत्राची एक खासियतही सांगते. इथे येणारी पुष्कळ माणसं स्वतः कधीकाळी वर्गातली "ती" मुलं होती. विचार वेगाने धावतो, समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर तयार असतं, एका विषयातून सात फांद्या फुटतात आणि काहीही "पुरेसं चांगलं" वाटत नाही. माहितीपत्रकाचा पाचवा मसुदा चाललेला असतो आणि ज्या अधिवेशनासाठी तो हवा होता ते होऊन गेलेलं असतं. यावर आमच्याकडे एकच उपाय लागू पडला: प्रत्येक कामाला मसुद्यांची संख्या आधी ठरवायची. दोन. तिसरा कोणाला हवा असेल तर त्याने स्वतः छापून आणायचा.

इतिवृत्त लिहायची संधी मिळाली तर सोडू नका. कोण किती बोललं ते लिहायचं नाही. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच. दोन दिवसांत पाठवा. आठवड्याने पाठवलेलं इतिवृत्त कोणी वाचत नाही, आणि मग पुढच्या बैठकीत "असं ठरलंच नव्हतं" सुरू होतं. इतिवृत्त लिहिणारा माणूस सर्वांत कमी बोलतो, तरी वर्षभराने लोक त्यालाच विचारायला लागतात, कारण काय ठरलं होतं ते फक्त त्याला माहीत असतं.

पायरी ६: स्वतःचं मूल दाराबाहेर

ही पायरी मी स्वतः ठेच खाऊन शिकले.

बहुतेक पालक आपल्या मुलामुळे या क्षेत्रात येतात, आणि त्यात गैर काही नाही. माझी मुलगी तिसरीत असताना तिला थेट पाचवीत बसवावं म्हणून मी शाळेशी झगडत होते. शाळा ऐकेना. त्याच सुमारास मी धोरण उपसमितीत आले. वर्ग ओलांडण्याबाबत संघटनेने भूमिका घ्यावी असा मुद्दा मी मांडला, मसुदा मी लिहिला, आणि त्यातली एकूण एक अट माझ्या मुलीला लागू होईल अशी घातली. ते जाणूनबुजून केलं नव्हतं, पण केलं होतं. उपसमितीतल्या एका शिक्षकांनी मसुदा वाचून शांतपणे विचारलं, "ताई, हे वाचून मला एकच मूल दिसतंय. बाकीची कुठे आहेत?" मला तेव्हा भयंकर राग आला. घरी जाऊन पुन्हा वाचला तेव्हा कळलं की उशिरा ओळखली गेलेली मुलं, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं, एकाच विषयात पुढे असलेली मुलं यांच्यापैकी कोणालाही त्या मसुद्यात जागा नव्हती.

तेव्हापासून मी नव्या पालकांना एक गोष्ट करायला सांगते. पहिल्याच बैठकीत जाहीर करा की तुमचं मूल कोणत्या शाळेत आहे आणि सध्या तुमची कशावरून खटपट चालू आहे. त्या शाळेचा विषय आला की स्वतःहून बाजूला व्हा. संघटनेच्या पत्रावर किंवा पदनामाने आपल्या शाळेला कधीही पत्र लिहू नका. एकदा ते केलंत की संघटनेच्या पुढच्या प्रत्येक पत्राकडे ती शाळा "त्या बाईंचं पत्र" म्हणूनच बघेल.

शिक्षकांचा आणि सल्लागारांचा प्रश्न वेगळा. कोणी चाचण्या घेण्याचा व्यवसाय करतं, कोणी प्रशिक्षणवर्ग चालवतं, कोणाचं पुस्तक असतं. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही, ते लपवणं घातक. वर्षातून एकदा लेखी निवेदन भरून घ्यायची पद्धत नसेल तर ती सुरू करा. आणि पालकांशी बोलताना ऐकलेल्या गोष्टी, मुलांचे अहवाल, बुद्ध्यंकाचे आकडे कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कधीही टाकू नका, नाव काढूनसुद्धा. हे क्षेत्र लहान आहे. "नऊ वर्षांची, गणितात अफाट, वाचनदोष" एवढ्यावरून मूल ओळखू येतं.

पायरी ७: धोरणकर्त्यांच्या दारात

आधी आपली संघटना कायद्याने काय करू शकते ते विचारा. अमेरिकेत करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थांना निवडणुकीत कोणाही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरता येत नाही. कायद्यांबाबत आमदार-खासदारांशी बोलता येतं, पण मर्यादेत. इतर देशांचे नियम वेगळे. स्वयंसेवकाने उत्साहात संस्थेच्या खात्यावरून एखाद्या उमेदवाराचं कौतुक केलं आणि खजिनदाराची झोप उडाली, असं घडू शकतं.

या क्षेत्राला पैसा लाटांनी मिळतो. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला धडकी भरली आणि १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. हुशार मुलांवर, विशेषतः विज्ञान-गणितावर, पैसा ओतला गेला. लाट ओसरली. १९७२ला मारलँड अहवाल, १९८८ला प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणासाठीचा जाविट्स कायदा. २०११ साली जाविट्स कार्यक्रमाचा निधी शून्यावर आला, २०१४ साली तो परत मिळाला. मधली तीन वर्षं पत्रं लिहीत, भेटी घेत हा विषय जागता ठेवायला संघटनांचीच माणसं होती. नवीन स्वयंसेवकाला हे सांगायचं कारण असं की तुम्ही आलात तेव्हा ओहोटी असेल तर ती तुमची चूक नव्हे, आणि भरती असेल तर ते तुमचं कर्तृत्वही नव्हे.

प्रत्यक्ष भेटीसाठी एका पानाचं टिपण पुरे. त्यावर एक गोष्ट, एक पुरावा आणि एक मागणी. गोष्ट खऱ्या मुलाची असेल तर कुटुंबाची लेखी परवानगी हवी आणि ओळख बदललेली हवी. मागणी अशी हवी की ऐकणाऱ्याला "हो" किंवा "नाही" म्हणता यावं. "हुशार मुलांकडे दुर्लक्ष होतंय" यावर तो मान डोलावतो आणि तुम्ही घरी जाता. "दुसरीतल्या प्रत्येक मुलाची प्राथमिक चाळणी करा" यावर त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

आणि या मागणीला चांगला आधार आहे. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. तिथे आधी शिक्षक किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच मुलाची तपासणी व्हायची. नंतर दुसरीतल्या सगळ्याच मुलांना छोटी चाचणी दिली गेली. प्रज्ञावंत ठरण्याचे निकष तेच होते, तरी गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने सापडली. मुलं आधीही तिथेच होती, त्यांची नावं कोणी पुढे केली नव्हती एवढंच. पुढे पैशाअभावी ती सरसकट चाचणी थांबली आणि आकडे पुन्हा खाली आले. "तुम्ही आधीच पुढे असलेल्यांसाठी आणखी मागताय" हा आरोप या क्षेत्राला जन्मापासून चिकटलेला आहे. त्यावर माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

पायरी ८: पद आणि पैसा

उपसमितीचं प्रमुखपद, मग कार्यकारिणी, मग पदाधिकारी असा साधारण क्रम असतो. अनेक संघटनांत अध्यक्षपद तीन टप्प्यांत येतं: नियोजित अध्यक्ष, अध्यक्ष, माजी अध्यक्ष. दोन-दोन वर्षांची मुदत असेल तर ते सहा वर्षांचं लग्न आहे. दुसऱ्याच वर्षी कोणी "तुम्हीच उभ्या राहा" म्हणालं तर हुरळून जाऊ नका. बहुधा दुसरं कोणी तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. आधी एकदा खजिनदाराच्या हाताखाली काम करा. कंटाळवाणं आहे, पण संघटना कशाने बुडते ते तिथेच दिसतं.

अमेरिकी कायद्याचं उदाहरण देते. करमाफी असलेल्या संस्थेने सलग तीन वर्षं वार्षिक विवरण भरलं नाही तर तिची करमाफी आपोआप रद्द होते. यात गैरव्यवहार असायची गरज नाही. खजिनदार बदलले, नव्यांना वाटलं जुन्यांनी भरलं असेल, इतकंच पुरतं. म्हणून धनादेशावर दोन सह्या, दर महिन्याचा बँकेशी ताळा आणि तो न लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणीतरी पाहणं, हे छोट्यातल्या छोट्या संस्थेतही हवं. विश्वास आहे म्हणून तपासणी नको, असं म्हणणाऱ्या माणसाला पैशाजवळ ठेवू नका. तो प्रामाणिक असला तरी नको.

प्रमुख झालात की सर्वांत अवघड काम म्हणजे स्वतः न करणं. तुम्ही एका रात्रीत करू शकता ते काम दुसऱ्याला तीन आठवडे लागतील. लागू द्या. नाहीतर तुमच्यानंतर ते कोणालाच येणार नाही.

पायरी ९: जायची तयारी पहिल्या दिवशी

एका संघटनेत संकेतस्थळाचं नाव एका जुन्या स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर नोंदवलेलं होतं. ते परगावी गेले, तो ईमेल बंद पडला, नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळाली नाही. अधिवेशनाची नोंदणी सुरू व्हायच्या आठवड्यात संकेतस्थळ गायब. मी तेव्हा त्या समितीत होते, आणि वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं की हे कोणाच्या नावावर आहे.

म्हणून पद घेतलं त्या दिवशी एक फाइल सुरू करा. सगळी खाती संघटनेच्या ईमेलवर, पासवर्ड किमान दोघांकडे. कोणतं काम वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतं त्याचा तक्ता: अधिवेशनाची जागा निदान वर्षभर आधी, प्रस्ताव मागवणं सात-आठ महिने आधी, परीक्षण त्यानंतर लगेच, वक्त्यांना होकार पाच महिने आधी. कोणत्या छापखान्याने वेळ पाळली, कोणत्या सभागृहाचा ध्वनिक्षेपक दगा देतो, कोणत्या मान्यवरांना दोनदा आठवण करावी लागते. इतिवृत्तात न येणारं हे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं. नव्या माणसाबरोबर निदान एक पूर्ण चक्र जोडीने काम करा. मग बाजूला व्हा, आणि तो वेगळ्या पद्धतीने करायला लागला की गप्प बसा.

मी कार्यक्रम समिती सोडली तेव्हा माझ्या फाइलमध्ये चाळीस पानं होती. माझ्या जागी आलेल्या मुलीने त्यातली पहिलीच वाचली असावी, असा माझा दाट संशय आहे. त्या पानावर लिहिलं होतं: "चाव्या सचिवांकडे. प्रस्तावांचा फॉर्म उघडण्याआधी स्वतः एकदा भरून बघ, पाचवा प्रश्न अडकतो. नोंदणीच्या टेबलावर वही ठेव. मला फोन कर, पण अधिवेशनाच्या आदल्या रात्री नको, तेव्हा काहीच दुरुस्त होत नसतं."

तिने आदल्या रात्रीच केला. पाचवा प्रश्न अडकला होता का, असं मी विचारलं. म्हणाली, "नाही हो ताई, तो मी तेव्हाच काढून टाकला. वही कसली ठेवायची, रेघांची की कोरी?"